मिरी मुंगीचं पिठलं अडलं

चिंचेच्या मुळाशी एक बीळ. बिळात राहायचे आबा मुंगळा. एकटेच.

आबांना एक लेक. तिचं नाव मिरी. मिरीसारखी काळी, मिरीएवढी लहान, आणि मिरीसारखीच तिखट!

मिरी सासरहून माहेरी आली. एका दिवसासाठी आली. ऊन उतरलं की परत जायचं.

आबा म्हणाले, "बस गं बाय. दमलीस. मी करतो पिठलं."

मिरी म्हणाली, "नको आबा! तुमच्या पिठल्यात गुठळ्या होतात. मीच करते."

आबा खूश झाले. सकाळपासून ते जेवलेच नव्हते. लेकीच्या हातचं पिठलं मिळेल, मगच जेवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

बिळाबाहेर तीन खड्यांची चूल. चुलीवर इवली कढई. कढईत तेल. तेलात मोहरी. तड तड तड! मग लसूण. मग मिरची. ठस ठस ठस! मग पाणी. खद खद खद!

आता पीठ पेरायचं.

मिरीनं मागे हात नेला. पानात बांधलेली पिठाची पुडी... कुठे आहे?

पुडी नाही!

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक! खार पळाली. तोंडात पुडी घेऊन पळाली.

"अगं ए! माझं पीठ!"

मिरीला आला राग. तिच्या मिशा लाल झाल्या.

"आबा, पाणी आटू देऊ नका. थेंब थेंब घालत राहा. मी आलेच!"

फुण फुण फुण! मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

खार बसली होती फांदीवर. शेपूट फुगवून बसली होती.

"खारुताई, खारुताई,
माझं पीठ दे.
पिठलं होईल.
आबा जेवतील."

खार म्हणाली, "नाही जा! मी रागावलेय. मनीमावशीला मी करवंटीभर चिंचा दिल्या. करवंटी परत आली रिकामी! तळ दिसला, तळ! आधी तिच्यात काही येऊ दे. मग बघू."

"मनीमावशीचा राग, आणि पीठ माझं नेलंस?"

"नेलं!" खार म्हणाली आणि तिनं पाठ फिरवली.

मिरीला आला राग. मिशा लाल होत्याच. आता डोकं लाल झालं.

फुण फुण फुण! मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

मनीमावशी म्हणजे मांजर. ती बसली होती ओट्यावर. डोळे मिटून बसली होती.

"मनीमावशी, मनीमावशी,
खारीच्या करवंटीत काही घाल.
खार पीठ देईल.
पिठलं होईल.
आबा जेवतील."

मांजर म्हणाली, "नाही जा! मी रागावलेय. शेळीला मी बशीभर भात दिला. बशी परत आली रिकामी! तळ दिसला, तळ! आधी तिच्यात काही येऊ दे. मग बघू."

"मावशी, तिकडं पाणी आटतंय!"

"आटू दे. मी झोपलेय," मांजर म्हणाली. एक डोळा मात्र उघडाच होता.

मिरीला आला राग. मिशा लाल, डोकं लाल. आता पोट लाल झालं.

फुण फुण फुण! मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

शेळी बांधली होती खुंटाला. पाय आपटत होती. थड थड!

"शेळीताई, शेळीताई,
मांजरीच्या बशीत काही घाल.
मांजर खारीच्या करवंटीत घालेल.
खार पीठ देईल.
पिठलं होईल.
आबा जेवतील."

शेळी म्हणाली, "नाही जा! मी रागावलेय. ताराकाकूंना मी टोपलीभर लेंड्या दिल्या, वांग्याच्या वाफ्याला. टोपली परत आली रिकामी! तळ दिसला, तळ! आधी तिच्यात काही येऊ दे. मग बघू."

"लेंड्या दिल्यास, आणि एवढा तोरा?"

"बें! तू दे पाहू तेवढ्या!"

मिरीला आला राग. मिशा लाल, डोकं लाल, पोट लाल. आता सहाही पाय लाल झाले.

फुण फुण फुण! मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

ताराकाकू बसल्या होत्या अंगणात. मळ्यातली भाजी निवडत होत्या. पण कशा? खसाखसा, खसाखसा! रागारागानं.

"ताराकाकू, ताराकाकू,
शेळीच्या टोपलीत काही घाला.
शेळी मांजरीच्या बशीत घालेल.
मांजर खारीच्या करवंटीत घालेल.
खार पीठ देईल.
पिठलं होईल.
आबा जेवतील."

ताराकाकू म्हणाल्या, "नाही जा! मी रागावलेय. चिमणीला मी वाटीभर कण्या दिल्या. वाटी परत आली रिकामी! तळ दिसला, तळ! आधी तिच्यात काही येऊ दे. मग बघू."

"काकू, तुम्ही एवढ्या मोठ्या! तुम्हीसुद्धा?"

"मोठ्या माणसाला राग येत नाही होय गं? सरक, पायाखाली येशील!"

मिरीला आला राग. मिशा लाल, डोकं लाल, पोट लाल, पाय लाल. आता मिरी सगळीच लाल झाली. लालेलाल!

फुण फुण फुण! मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

चिमणी बसली होती वळचणीला. चोच वर करून बसली होती.

"चिमणीवहिनी, चिमणीवहिनी,
ताराकाकूंच्या वाटीत काही घाल.
ताराकाकू शेळीच्या टोपलीत घालतील.
शेळी मांजरीच्या बशीत घालेल.
मांजर खारीच्या करवंटीत घालेल.
खार पीठ देईल.
पिठलं होईल.
आबा जेवतील."

चिमणी म्हणाली, "नाही जा! मी रागावलेय. एकाला मी शिंपलीभर ताक दिलं. शिंपली परत आली रिकामी! तळ दिसला, तळ! आधी तिच्यात काही येऊ दे. मग बघू."

मिरी ओरडली, "कोण तो? नाव सांग! रिकामं भांडं परत पाठवतो म्हणजे काय? आईबापांनी काही शिकवलं नाही का त्याला? चावते की नाही बघ त्याला! कडकडून चावते!"

चिमणी म्हणाली, "चाव की. तुझेच आबा ते."

मिरीच्या मिशा खाली आल्या.

"माझे आबा?"

"तुझेच. ही बघ शिंपली. घासूनपुसून लख्ख! आणि आत? काही नाही!"

मिरीनं शिंपली डोक्यावर घेतली. तुरुतुरु घरी आली. धापा टाकत आली. लालेलाल!

आबा चुलीपाशी बसले होते. थेंब थेंब पाणी घालत होते.

"आलीस, बाय? पीठ मिळालं?"

"आबा! ही शिंपली तुम्ही रिकामी पाठवलीत?"

"रिकामी म्हणजे? मी राखेनं घासली. तीनदा पुसली. चांगली दिसते की!"

"अहो आबा! शेजारचं भांडं रिकामं पाठवतात का? त्यात काही घालायचं असतं. चिमूटभर तरी! आई घालायची ना?"

आबा शिंपलीकडे बघत राहिले.

"घालायची होय?" ते हळूच म्हणाले. "ती वर पान झाकून द्यायची. मी नेऊन पोचवायचो. आत काय आहे, ते मी कधी पाहिलंच नाही गं."

मिरीनं शिंपली खाली ठेवली.

फुण.

एकदाच. तेही बारीक.

मग मिरी बिळात गेली. एक साखरेचा दाणा आणला. शिंपलीत ठेवला. वर पान झाकलं.

आबा उठले. "आण इकडं. मी पोचवतो. तेवढं मला येतं."

लुटूलुटू, लुटूलुटू, आबा चिमणीकडे गेले.

"चिमणीबाई, चुकलो. घे."

चिमणीनं पान उचललं. साखर! "आता कसं!" ती म्हणाली आणि चिव चिव हसली.

चिमणीनं ताराकाकूंच्या वाटीत ज्वारीचे दाणे टाकले. टप टप टप टप!

ताराकाकू म्हणाल्या, "आता कसं!" त्यांनी शेळीच्या टोपलीत शेवग्याचा पाला घातला. सळसळ सळसळ!

शेळी म्हणाली, "बें! आता कसं! काढा माझी धार." काकूंनी धार काढली. मांजरीची बशी भरली. चुळ्ळ चुळ्ळ!

मांजर दुसराही डोळा उघडून म्हणाली, "आता कसं!" लपलप लपलप! मग मिशा पुसल्या आणि खारीच्या करवंटीत कापूस घातला. मऊ मऊ कापूस.

खार म्हणाली, "आता कसं! घरट्यात अंथरते." मग तिनं पुडी तोंडात धरली.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक!

"घे गं तुझं पीठ. खाल्लं नाही हो मी. हुंगलं फक्त."

"दे इकडं!" मिरी म्हणाली. अजून रागातच होती ती.

ऊन उतरायला लागलं होतं. पाणी खद खद खद! मिरीनं एका हातानं पीठ पेरलं. दुसऱ्या हातानं पळी फिरवली. घोट घोट घोट!

"म्हणे तळ दिसला!" घोट घोट!
"म्हणे लेंड्या दिल्या!" घोट घोट!
"म्हणे मोठ्या माणसाला राग येतो!" घोट घोट!
"म्हणे हुंगलं फक्त!" घोट घोट घोट!

घोटता घोटता पाय काळे झाले. पोट काळं झालं. डोकं काळं झालं. मिशासुद्धा काळ्या झाल्या.

मिरीनं झाकण ठेवलं. एक वाफ आली. फस्स!

झालं पिठलं! पिवळं पिवळं, मऊ मऊ.

आबांनी बोट बुडवलं. चाटलं.

"गुठळी आहे का?" मिरीनं विचारलं.

"शोधतोय," आबा म्हणाले. पुन्हा चाटलं. "अजून शोधतोय." पुन्हा चाटलं. "छे! एकही नाही."

मिरीला हसू आलं. पण ती हसली नाही. तिच्या नाकाच्या शेंड्यावर लाल ठिपका उरला होता. एवढासा!

आबांनी भाकरीचा घास मोडला. पिठल्यात बुडवला. पण स्वतः खाल्ला नाही.

"आ कर," आबा म्हणाले.

मिरीनं आ केला.

घास आत गेला. ठिपका गेला.

मग आबा जेवले. पोटभर जेवले.

पिठलं संपलं, कढई पुसली,
गोष्ट आमची पोटात बसली!