तोइझाकाची वाळलेली डहाळी

शिझुमिने पर्वतावरून उतरणारी गाडी तोइझाकाला थांबते. वर जाताना थांबत नाही. तोइझाका हे स्टेशन नव्हे. तिथे फलाट नाही, तिकीटघर नाही, पाटीसुद्धा नाही. एका अंगाला देवदारांचा कडा आहे, दुसऱ्या अंगाला दरी, आणि रुळांना लागून शेवाळलेला एक ठेंगणा दगड. गाडी थांबली की कंडक्टर दगडाच्या बाजूचे एकच दार उघडतो. कोणी उतरत नाही, कोणी चढत नाही. उतारू मात्र उठून उभे राहतात. त्यांच्या हातात वरच्या देवळाच्या आवारातल्या झाडाची एकेक डहाळी असते, आणि ती वाळलेली असते, पार तपकिरी.

हे मला आधी ठाऊक नव्हते. माझी भाची ऋजुता जपानमध्ये, या डोंगराखालच्या शहरात नोकरी करते. माझी बायको गेली त्यानंतर तिने मला थोडे दिवस आपल्याकडे बोलावून घेतले होते. तिच्या ऑफिसची माणसे रोज सकाळी याच मार्गाने कामावर येतात. खाली ही डबे भरभरून माणसे नेणारी गाडी असते, आणि डोंगर लागला की दोन डब्यांची होते. आम्ही दोघे वर गेलो तेव्हा देवळापाशी डहाळ्या विकायला होत्या. वाळलेल्यांच्या टोपलीभोवती गर्दी होती आणि हिरव्यांकडे कोणी फिरकत नव्हते. मी हिरवी घेतली. ताजी होती, वासही चांगला होता.

परतीच्या गाडीत समोर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एक सुमिए-सान आणि दुसरी त्यांची नणंद कात्सुयो-सान. दोघी वाटेतल्याच एका गावच्या होत्या. सुमिए-सान माझ्या हाताकडे बघत राहिल्या आणि मग ऋजुताला काहीतरी म्हणाल्या.

"मामा, त्या म्हणतायत, ती डहाळी कोटाखाली धरा. तिला दिसायला नको."

"कोणाला?"

कात्सुयो-सान हसल्या. "झालं! वहिनीला नवं गिऱ्हाईक मिळालं. अहो पाहुणे, या डोंगरात रूळ एकच आहे, दुसरा फक्त तोइझाकाला. वर जाणारी गाडी निघून जाईपर्यंत आपली थांबते. एवढंच आहे ते."

"थांबायला दुसरी जागा नव्हती का?" सुमिए-सान म्हणाल्या. "आणि दार कशाला उघडतात मग? वारा घ्यायला?"

मग त्यांनी सांगितले. ऋजुता जसे सांगत गेली तसे मी इथे लिहितो.

असे सांगतात की फार पूर्वी शिझुमिनेवर बायकांना जायला बंदी होती. बाईने यायचे ते या तोइझाकाच्या चढणीपर्यंत, आणि इथूनच हात जोडून मागे फिरायचे. बंदी जिवंत बाईला होती, मेलेल्या बाईला नव्हती. तिची अस्थी वर जाऊ शकत असे. माणसाला अग्नी दिला की कंठातले एक लहानसे हाड निवडून घ्यायचे आणि वरच्या अस्थिकुंडात ठेवायचे, ही इकडची रीत आहे. ते हाड ध्यानाला बसलेल्या बुद्धासारखे दिसते म्हणे. ते वर पोहोचले की माणूस पोहोचला.

खालच्या गावात ओनुई नावाची विधवा राहत होती. ती कागद करायची. झाडाची साल नदीच्या गार पाण्यात धुवायची, कुटायची, आणि तिची मुलगी चियो तिच्या शेजारी उभी राहून तेच करायची. एका हिवाळ्यात चियोला खोकला लागला तो गेलाच नाही, त्यातच ती वारली. ओनुईने तिच्या कंठातले हाड मुलीनेच केलेल्या कागदात बांधले आणि गोन्सुके हमालाच्या हाती दिले. गोन्सुके देवळासाठी तेल वाहायचा, लोकांच्या अस्थीही न्यायचा. उतरताना तो वरच्या झाडाची डहाळी आणत असे. डहाळी हातात पडली की घरच्यांनी समजायचे, पोहोचले.

"ओनुईबाई, संध्याकाळी पाणी उकळून ठेवा," तो म्हणाला म्हणे. "डहाळी घेऊन येतो, चहा पिऊनच जाईन."

त्या दिवशी बर्फ पडला. गोन्सुके आला नाही. बर्फ वितळल्यावर दरीत त्याची गवती टोपी सापडली. दुसरे काहीच सापडले नाही.

तो पडला हे सगळ्यांना कळले. वर जाताना पडला की उतरताना, हे मात्र कोणालाच सांगता येईना. उतरताना पडला असेल तर चियो पोहोचली होती. जाताना पडला असेल तर ती दरीत कुठेतरी होती, आणि तिथून तिला वर नेणारे आता कोणी नव्हते. वरच्या कुंडात सगळ्यांच्या अस्थी एकत्र पडतात, त्यांवर नाव नसते. म्हणून बघून सांगणेही शक्य नव्हते.

ओनुई या चढणीवर येऊन बसू लागली. उतरणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, "माझी मुलगी पोहोचली का?"

यात्रेकरू दयाळू होते. "पोहोचली हो," म्हणायचे. तिला ते पटत नसे. "तुम्ही चांगली माणसं आहात, म्हणून असं म्हणता," असे ती त्यांना सांगायची.

वरच्या देवळातले र्योएन नावाचे भिक्खू याच वाटेने खाली येत. आपल्याकडे पंचशीलात असत्य न बोलण्याचे जे शील आहे, ते त्यांनी कधी मोडले नव्हते. गाईगुरांवरून होणाऱ्या भांडणातसुद्धा लोक त्यांचा शब्द मानत. ओनुई त्यांनाही विचारायची.

"भंते, पोहोचली का?"

"मला ठाऊक नाही, बाई."

तिला राग येत नसे. उलट ती निश्चिंत होऊन मागे टेकायची. जगात एक माणूस असा होता, की ज्याने कधी 'पोहोचली' म्हटले तर ते खरे असणार होते. त्या आशेवर ती वर्षे काढत होती. यात्रेकरूंना ती विचारायची ती सवय म्हणून, वाट बघायची ती र्योएनांची.

"म्हणजे भंतेंनीच तिला बसवून ठेवलं," कात्सुयो-सान मध्येच म्हणाल्या. "पहिल्याच वर्षी हो म्हटलं असतं, तर बाई घरी गेली असती."

"तू सांगतेस की मी सांगू?"

"तूच सांग. मला शेवट आवडत नाही."

ओनुई म्हातारी झाली आणि खंगली. लोकांनी तिच्यासाठी इथेच एक खोपट बांधले. तिचे आता फार दिवस उरले नाहीत असे कळले तेव्हा र्योएनांना राहवले नाही. त्यांनी देवळापुढच्या झाडाची एक डहाळी तोडली आणि ते खाली आले.

या वेळी तिने विचारण्याआधीच ते बोलले. "बाई, चियो पोहोचली. देवळाच्या दारात गोन्सुकेची डहाळी सापडली. तो ती तिथेच विसरला होता. तो उतरताना पडला."

ओनुईने डहाळी हातात घेतली. तिचा जन्म झाडाच्या साली सोलण्यात गेला होता. तिने तोडलेल्या टोकावर अंगठा फिरवला, तो बोटाला घासला. बोटाला चीक लागला. इतक्या वर्षांची डहाळी हिरवीगार होती, आणि ओली होती.

भंतेंना खोटे बोलायची सवय नव्हती. खोट्याला काय काय लागते, हे त्यांना माहीत नव्हते.

ती ओरडली नाही, रडलीही नाही. "भंते," ती म्हणाली, "आता मी विचारू तरी कोणाला?"

त्यानंतर तिने कोणालाच विचारले नाही. उतरणारी माणसे तिच्यासमोर थांबायची, आपणहून सांगायची, आणि ती दरीकडे बघत राहायची. थोड्याच दिवसांत ती गेली.

र्योएनांनी स्वतः तिची अस्थी वर नेली. कुंडापाशी उभे राहिल्यावर मात्र त्यांच्या मनात आले, की मुलगी इथे नसेल तर आपण आईला तिच्यापासून दूर आणून ठेवतो आहोत. आणि मुलगी इथे असेल, तर आईला खाली ठेवणे तितकेच वाईट. ठाऊक नव्हते. शेवटी ते अस्थी परत घेऊन आले आणि जिथे ती बसायची तिथेच पुरून त्यांनी वर दगड ठेवला. पुढे या वाटेने उतरताना ते दर वेळी एक वाळलेली डहाळी आणत, दगडापुढे उभे राहत, आणि म्हणत, "पोहोचली." त्यांच्यामागे हमाल तसे म्हणू लागले, मग यात्रेकरू. रूळ आले तेव्हा गाडीही थांबू लागली.

"तिला पटलं असेल?" मी विचारले. ऋजुताने माझ्याकडे पाहिले आणि मग विचारले.

सुमिए-सानांनी मान हलवली. "एकदा चीक बोटाला लागल्यावर कसं पटणार?"

"मग म्हणता कशाला?"

"न म्हणता पुढे कसं जायचं?"

"खोटं ते खोटंच," कात्सुयो-सान म्हणाल्या, आणि पिशवीतून त्यांनी आपली डहाळी काढली. ती इतकी वाळली होती की तिची पाने झडत होती.

गाडी मंद झाली आणि थांबली. दार उघडले, थंड हवा आत आली. सगळे उभे राहिले. इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण, शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली, आणि या दोघी. कोणी विचारले नाही, तरी सगळ्यांनी हळू आवाजात तो एकच शब्द उच्चारला. कात्सुयो-सानांनीही.

ऋजुताने मला कोपराने हलकेच ढोसले. "मामा, मराठीत म्हटलं तरी चालेल. मामीसाठी."

मी हिरवी डहाळी कोटाखाली धरून उभा होतो. मी ती मुठीत आणखी घट्ट आवळली. दार बंद झाले.

आजही गाडी तिथे थांबते, उतारू उठतात आणि दगडाला उत्तर देतात. प्रश्न विचारणारीने तो विचारणे केव्हाच थांबवले आहे. शहर येईपर्यंत माझी बोटे एकमेकांना चिकटत राहिली.