खुंटीवरची शिक्षा

हिवरगड संस्थानात अंताजीपंत नावाचे एक न्यायाधीश होते. माणूस सरळ, पण डोकं लवकर तापायचं. तापायला कारणंही तशीच मिळायची. हिवरगडच्या लोकांना न्याय मनापासून हवा असे, पण तो शेजाऱ्याला. आपल्या माणसासाठी त्यांना दया लागायची.

त्या संस्थानात एक चाल होती. कुणाचा पहिलाच गुन्हा असला, तर त्याला लगेच तुरुंगात टाकत नसत. शिक्षा कागदावर लिहायची आणि तो कागद कचेरीच्या भिंतीवर खुंटीला टांगून ठेवायचा. त्या माणसाने वर्षभर नीट वागायचं, गावची वेस ओलांडायची नाही, आणि दर गुरुवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, दुपारच्या आत चावडीवर येऊन हजेरी द्यायची. वर्ष नीट गेलं की कागद त्याच्यासमोर फाडत. अट मोडली की कागद खाली उतरे आणि माणूस आत जाई. लोक याला खुंटीवरची शिक्षा म्हणत.

याच गावात येसाजी पहिलवान राहत. ऐन उमेदीत त्यांनी संस्थानची गदा पाच वेळा जिंकली होती. ते रस्त्याने निघाले की दुकानदार गादीवरून उठून उभे राहत. पुढे गुडघा गेला, कुस्ती सुटली. खुराक मात्र सुटला नाही, आणि राग तर त्याहून नाही.

एके दिवशी मोतीराम हलवाई त्यांना थट्टेने म्हणाला, "पहिलवान, आता एवढं दूध कशाला? चहावर भागवा की." येसाजींनी त्याचा हात असा पिरगळला की तो दोन ठिकाणी मोडला. खटला उभा राहिला. पहिलाच गुन्हा होता. पंतांनी एक वर्षाची कैद लिहिली आणि चालीप्रमाणे कागद खुंटीला टांगला.

आठ-नऊ महिने गेले. मोतीरामचा हात जुळला, पण वाकडा जुळला. एका गुरुवारी तो बहिणीकडे बोरवंडच्या जत्रेला गेला. भर दुपारी तिथल्या कुस्त्यांच्या मैदानात पाहतो तर काय! येसाजी पहिलवान जरीचा फेटा बांधून उभे, शेवटच्या कुस्तीच्या दोन मल्लांचे हात एकमेकांच्या हातात देत आहेत. हा मान जुन्या गदावाल्यालाच मिळतो. मोतीराम तडक हिवरगडला परतला आणि त्याने चावडीवरची हजेरीची वही उघडायला लावली. वहीत त्या दिवशी पहिलवान हजर होते. मागच्या गुरुवारीही हजर, आणि त्याच्या आधीच्याही. सगळे गुरुवार हजर.

पंतांनी चावडीच्या हवालदाराला, म्हादबाला, बोलावलं.

"म्हादबा, माणूस बोरवंडात आणि हजेरी हिवरगडात. ही काय जादू आहे?"

म्हादबा पागोटं सावरत म्हणाला, "पंत, चावडीच्या पायऱ्या चढताना पहिलवानांचा गुडघा दुखायचा. पहिले चार महिने बिचारे चढले. मला बघवेना. मग मीच वही घेऊन त्यांच्या घरी जाऊ लागलो."

"हजेरी घ्यायला तू त्यांच्या घरी?"

"थोडे दिवसच गेलो. मग तेच म्हणाले, दर वेळी कशाला तंगडतोड करतोस? मी आहे असं लिहीत जा."

"आणि तू लिहीत गेलास!"

"पंत, ते कुठे पळून जाणार होते? साऱ्या मुलखात त्यांना कोण ओळखत नाही?"

पंतांनी कपाळाला हात लावला. या गावात चोर सापडणं सोपं होतं, अक्कल सापडणं अवघड.

खटला सुरू झाला आणि कचेरीला जत्रेची कळा आली. आता कागद खाली उतरणार का, पहिलवान वर्षभर आत जाणार का, एवढाच प्रश्न होता. पण अर्ध्या गावाला तो प्रश्नच पटत नव्हता. तालमीतली मंडळी हात जोडून पुढे आली. "पंत, या माणसाने हिवरगडचं नाव केलं. त्याला तुरुंगात घालणार?"

पंत म्हणाले, "नाव केलं तेव्हा तुम्ही त्यांना हत्तीवरून मिरवलंत. बरं केलंत. आता मोतीरामच्या मोडक्या हातावरूनही मिरवायचं आहे का?"

मंडळी मागे सरली, तोच दुसरा जथा पुढे आला. हे मोतीरामच्या बाजूचे. "एक वर्ष काय, तीन वर्षं घाला! मोठं नाव आहे, तर मोठीच शिक्षा हवी. मुलखाला धडा मिळेल."

"कागदावर एक वर्ष लिहिलंय," पंत खेकसले. "वरची दोन वर्षं कशाबद्दल देऊ? गदा जिंकल्याबद्दल?"

संध्याकाळी महाराजांची चिठ्ठी आली. 'पहिलवान म्हणजे संस्थानचं नाक. सांभाळून घ्यावे.' पंतांनी चिठ्ठी वाचली, घडी केली आणि उशीखाली ठेवली. बायकोला म्हणाले, "ज्याला त्याला नाकाची काळजी. कायद्याचे कान कधीच कापले गेलेत, त्याचं कुणाला काही नाही." आणि ते न जेवता झोपले.

तिसऱ्या दिवशी येसाजींना स्वतःला बोलावलं. दारात त्यांची ती रुंद छाती दिसली आणि कचेरी एका दमात उभी राहिली. तालमीतले उठले, कारकून उठले, शिपाई उठले, एवढंच काय, शिव्या घालायला आलेले मोतीरामचे सोबतीही उठले. मग पंतांच्या लक्षात आलं की आपणही उभे आहोत.

ते चटकन खाली बसले. कान तापले. तीन दिवस जगाला शहाणपण शिकवत होतो, आणि पाय आपलेही इतरांसारखेच निघाले. स्वतःचा एवढा संताप त्यांना आजवर कधी आला नव्हता.

नजर लपवायला त्यांनी भिंतीकडे पाहिलं. येसाजींच्या कागदाशेजारची खुंटी रिकामी होती.

"ही कुणाची?" त्यांनी कारकुनाला विचारलं.

"लिंबाजी विणकराची, पंत. आठ महिन्यांपूर्वी कागद उतरवला. सुताच्या व्यापाऱ्याशी भांडण, डोक्यात मागाचा धोटा मारला होता. एका वर्षाचीच शिक्षा होती. आत आहे."

"अट कोणती मोडली?"

"एक गुरुवार चुकवला. दहा महिने नीट आला होता."

"का चुकवला?"

कारकुनाने दप्तर चाळलं, पुन्हा चाळलं. "ते लिहिलेलं नाही. विचारलं नसावं."

"किती वेळ चाललं ते प्रकरण?"

"त्या दिवशी अकरा प्रकरणं होती, पंत. जेवणाआधी सगळी उरकली होती."

पंतांनी डोळे मिटून त्या विणकराचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. येसाजींची बारा वर्षांपूर्वीची कुस्ती डाव-पेचासकट आठवत होती, आणि ज्या माणसाला आपण वर्षभरासाठी कोंडलं त्याचे नाकडोळेही आठवत नव्हते.

"त्याला घेऊन या," ते म्हणाले. "आत्ता."

लिंबाजी आला. कुणी उठलं नाही. उलट कुणीतरी म्हणालं, "बाजूला हो रे, पहिलवान दिसत नाहीत."

पंतांनी विचारलं, "लिंबाजी, त्या गुरुवारी तू का आला नाहीस?"

लिंबाजी आधी म्हादबाकडे, मग पंतांकडे बघत राहिला. हा प्रश्न कुणासाठी आहे हेच त्याला कळेना. मग म्हणाला, "बायको अडली होती, सरकार. सुईणीला हाताखाली माणूस हवं होतं, आणि घरात मी एकटाच. मुलगी झाली तोवर दुपार टळून गेली होती. शुक्रवारी उजाडताच मी चावडीवर गेलो. म्हादबांनी तिथंच धरलं."

"मग हे तू मला का सांगितलं नाहीस?"

"तोंड उघडलं होतं, सरकार. तुम्ही म्हणालात, हजेरी म्हणजे हजेरी. आणि पुढचा माणूस बोलावलात."

म्हादबा पागोट्याचा शेव चघळत बसला.

पंतांनी तोच प्रश्न येसाजींना विचारला. "पहिलवान, तुम्ही का आला नाहीत?"

येसाजींनी एकदा विणकराकडे पाहिलं. "कारण नाही, पंत. चावडीवर चोरचिलटांच्या रांगेत उभं राहिलं की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जत्रेत फेटा बांधला की वाटायचं, मी अजून तोच आहे. बोलावणं आलं की जायचो. अडवलं कुणी नाही."

"माफी द्या, पंत!" मागून तालमीतला एक ओरडला.

येसाजी गर्रकन वळले. "गप बसा रे! कुस्तीच्या हौद्यात पंचाने मला ढकलून जिंकवलं असतं, तर मी त्यालाच उचलून बाहेर फेकला असता. म्हादबा वही घेऊन दारात आला तेव्हाही मी तेच करायला हवं होतं. पण तेव्हा गोड वाटलं. हा माणूस एका गुरुवारापायी आठ महिने आत आहे, आणि मी पाच महिने फेटे बांधतोय. आता माझ्यासाठी कुणी तोंड उघडू नका."

पंतांना त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाची दया आली. खरीच आली. पण लगेच दुसरा विचार आला, की रांगेत उभं राहताना लाज लिंबाजीलाही वाटली असेल, आणि त्याला तर बांधायला फेटाही नव्हता.

त्यांनी निकाल सांगितला.

"मी आजवर एक चूक करत आलो. अट मोडली की पाळलेले महिनेही मी पाण्यात घालत होतो. यापुढे जेवढे महिने नीट पाळले तेवढे शिक्षेतून वजा होतील. आणि अट का मोडली हे विचारल्याशिवाय कुणाचाही कागद खाली उतरणार नाही. पहिलवानांनी चार महिने पाळले. पुढचे मोडले, आणि तेही कारण नसताना. त्यांनी आठ महिने आत जायचं. नावासाठी एक दिवस कमी नाही, नावासाठी एक दिवस जास्त नाही. महाराजांनाही मी हेच कळवतो. म्हादबाला आजपासून चावडीवरून काढलं आहे."

मग त्यांनी रिकाम्या खुंटीकडे बोट दाखवलं.

"लिंबाजीने अट मुद्दाम मोडली नव्हती, हे मी विचारलं असतं तर कळलं असतं. आणि मोडली असं धरलं, तरी दहा महिने पाळले होते. राहिले असते दोन. भोगले आठ. त्याला या क्षणी सोडा."

निकाल कुणालाच आवडला नाही. मोतीराम कुरकुरला, "आठच?" तालमीतली मंडळी म्हणाली, "पंतांना काळीज नाही." मग सगळे येसाजींच्या मागे तुरुंगाच्या दारापर्यंत गेले. कुणी त्यांचं अंथरूण उचललं, कुणी दुधाचा लोटा धरला, कुणी हार आणला. येसाजींनी हार घेतला नाही. तेवढ्यावरूनही लोकांनी त्यांचं कौतुक केलं. या लोकांपुढे कोण काय करणार!

कचेरी रिकामी झाली. लिंबाजी मात्र तिथेच उभा होता.

"जा की आता," पंत हळूच म्हणाले. "सुटलास तू."

"सरकार, एक विचारू? तुमच्याच हिशेबाने माझे सहा महिने जास्तीचे गेले ना?"

"गेले."

"मग ते मला कुठे मिळायचे?"

तीन दिवस पंतांजवळ सगळ्यांना उत्तरं होती. तालमीला होतं, मोतीरामला होतं, महाराजांना होतं. ती सगळी गादीवर बसून दिली होती. ते गादीवरून खाली उतरले आणि लिंबाजीसमोर उभे राहिले.

"ते मिळणार नाहीत, लिंबाजी. माझ्यामुळे गेले."

लिंबाजीने मान हलवली. रागावलाही नाही, पाया पडलाही नाही. "मुलगी रांगायला लागली म्हणे," तो म्हणाला. "मी तिला एकच दिवस पाहिलं होतं. आता मला बघून रडेल." आणि तो एकटाच घराकडे निघाला.

तात्पर्य: नाव मोठं म्हणून शिक्षा हलकी होऊ नये, आणि नाव मोठं म्हणून ती जडही होऊ नये. पण नामवंताला तीन दिवस देणाऱ्या न्यायाने आधी हे पाहावं, की ज्याला कुणी ओळखत नाही त्याला आपण एक प्रश्न तरी विचारला होता का. कारण कैदेची चूक उद्या कबूल करता येते, गेलेले दिवस परत देता येत नाहीत.