अवसेची लेक आणि दुपारचं उधाण

ही गोष्ट मला जशीच्या तशी आठवते, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्यांच्या लिखाणात 'याला आधार काय?' असं लाल शाईनं लिहिण्यात माझा जन्म गेला. या गोष्टीला आधार एवढाच, की सात वर्षांचा असताना आईच्या आईच्या कुशीत, अर्धवट झोपेत मी ती ऐकली. राजाला राणी एक होती की तीन, याचीही मला आता खात्री नाही. एकच धरू, गोष्ट एकीवरच चालते. बाकीचं आजी सांगायची तसं सांगतो. चुकलं तर चूक माझी, तिची नाही.

तर एक होता राजा, आणि त्याला भीती वाटायची आभाळाची. वाघाची नाही, शत्रूची नाही, आभाळाची! त्याचा गड समुद्रकाठच्या डोंगरावर होता आणि खाली बंदर होतं. पण राजा कधी खाली उतरायचा नाही. किनाऱ्यावर उभं राहिलं की आभाळ फार मोठं दिसतं ना, म्हणून.

त्याच्या पदरी होते त्रिंबकबुवा जोशी. राजा सगळं त्यांना विचारायचा. बिछान्यातून उजवा पाय आधी टाकू की डावा? विचारा बुवांना. वरणावर लिंबू पिळू का? विचारा बुवांना. एकदा तर राजाला शिंक आली, ती त्यानं नाक दाबून धरली आणि आधी मुहूर्त विचारला. हसू नका, खरंच. मुहूर्त निघेपर्यंत शिंक निघून गेली.

त्या नगरीतल्या बायकांचं मात्र आभाळाशी वेगळंच नातं होतं. पुरुष म्हणायचे चंद्र, पोरं म्हणायची चांदोमामा, आणि बायका म्हणायच्या चांदाई. चांदाईचं व्रत असायचं, बरं का. त्याला भटजी लागायचा नाही. पुनवेला पाटावर तांदळाच्या पिठाचे सोळा ठिपके काढायचे, मधे दुधाची वाटी ठेवायची, आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं पहिला घोट घ्यायचा. अवसेला ठिपके काढायचे नाहीत. पाट धुवायचा, मांडायचा आणि रिकामाच ठेवायचा. पालथा घालायचा नाही. का? तर चांदाई माहेरी गेली आहे. महिनाभर राबते, एक दिवस आईकडे जाऊन न्हाते, केस वाळवते आणि परत येते. तिची जागा राखून ठेवायची.

मग एकदा काय झालं, राणीला मुलगी झाली. झाली ती नेमकी अवसेच्या पहाटे.

राजा धावत आला. पोर लालबुंद, मुठी आवळलेली. राजानं हात पुढे केला आणि तिथंच थांबवला. म्हणाला, "बुवांना विचारून येतो."

बुवांनी पंचांग उघडलं, बोटं मोजली आणि मान हलवली. म्हणाले, "महाराज, चंद्र म्हणजे मन. चंद्र म्हणजे आई. जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात, त्यावरून नावाचं अक्षर. या मुलीच्या जन्माला चंद्रच नाही. म्हणजे हिला मन नाही, हिला आई लाभायची नाही आणि हिला नावही नाही. अशी पोर गडावर राहिली तर महाराजांचंही मन जाग्यावर राहणार नाही."

राजा घाबरला. म्हणाला, "मग काय करायचं?"

"काळोखाला आली, काळोखाला परत द्यायची. पुढच्या अवसेला, दुपारी, खाडीपलीकडच्या रानात टोपलीत ठेवून यायचं."

राणीनं हे ऐकलं. ओली बाळंतीण ती, तशीच उठून भिंतीला धरत दारात आली. म्हणाली, "माहेरी गेलेल्या बाईला कुणी मेली म्हणतं का, बुवा?"

बुवा म्हणाले, "हे बायकांचं बोलणं झालं. शास्त्र वेगळं."

"मग तीस दिवसांत बायकाच येतील तुमच्या शास्त्राला विचारायला," राणी म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

झोपलात का रे? नाही ना? मग ऐका.

बारावा दिवस उजाडला. बारशाचा पाळणा सजला, पण अक्षर नाही म्हणून नाव नाही. त्या दिवशी दरबारात आली धुरपा सुईण. सगळ्या नगरीची बाळंतपणं तिनं केलेली. राजासुद्धा तिच्याच हातावर आलेला, त्यामुळे ती त्याला फारसं भीत नसे. तिनं कमरेची एक दोरी सोडली आणि राजापुढे टाकली. दोरीला गाठीच गाठी.

"महाराज, पोटुशी बाई माझ्याकडे आली की मी दोरी घेते. रोज एक गाठ मारते. चांदाई दिसली तरी मारते, नाही दिसली तरी मारते. अवसेची गाठ सोडली असती ना, तर एकाही बाईचे दिवस नीट भरले नसते. तुमच्या आईचेसुद्धा. अवसेलाही चांदाई होती म्हणून तुम्ही वेळेवर आलात."

राजा बुवांकडे बघायला लागला. बुवा हसले. "महाराज, दोरी म्हणजे दोरी. गाय बांधायला बरी."

धुरपानं दोरी गुंडाळली. "गाय शहाणी असते बुवा, ती आपलं वासरू ओळखते," असं म्हणाली आणि गेली.

मग पुनवेच्या आदल्या दिवशी दुसरी बाई बोलली. ती कोण माहीत आहे? खुद्द त्रिंबकबुवांची बायको, वेणूकाकू. ती नवऱ्याचा डबा घेऊन आली होती. खांबाआडूनच बोलली. "अहो, एक विचारू? तुमचं पंचांग फाटलं की मीच शिवते. पानं लावून घ्यावी लागतात, म्हणून रोजचं नक्षत्राचं घर बघते. चंद्र ज्या नक्षत्रात, तेच लिहायचं ना तिथं? मग अवसेचं घर कधी कोरं कसं नसतं?"

बुवांचे कान लाल झाले.

"असतं लिहिलेलं," बुवा म्हणाले. "पण दिसत नाही. आणि जे दिसत नाही, त्याचा प्रभाव नाही."

"बरं झालं सांगितलंत," काकू म्हणाली. "देव तरी कुठं दिसतो? उद्यापासून नैवेद्य करत नाही. लाडूंचा त्रास वाचला."

लोक तोंडावर हात धरून हसले. राजालाही हसू येणार होतं, पण त्यानं आधी बुवांकडे बघितलं, आणि मग काही तो हसला नाही. बुवा म्हणाले, "महाराज, प्रभाव दाखवा म्हणावं. डोळ्यांना दिसेल असा. नाहीतर ठरलंय ते ठरलंय."

पुनव उजाडली, आता पंधराच दिवस उरले. राणी पोरीला छातीशी धरून गडाच्या तटावर बसली. खाली बंदर दिसत होतं. बंदरातून डोक्यावर पाटी घेऊन एक बाई तरातरा वर येत होती. ही हरकू कोळीण. हरकू सगळ्यांना अरे-तुरेच करायची. देवालासुद्धा.

वर आल्या आल्या तिनं पाटी उतरवली आणि राणीला म्हणाली, "रडतीस काय गं? तुझ्या नवऱ्याला मनाची खूण पायजेल ना? मी दावते."

मग ती सरळ दरबारात शिरली. माशांचा वास आला तसं बुवांनी उपरणं नाकाला लावलं.

"राजा, ऐक," हरकू म्हणाली. "चांदाईचं मन असतं दर्यात. ती भरली की दर्या भरतो. आज पुनव. आज धक्क्याच्या वरून तिसऱ्या पायरीला पाणी लागंल. अवसेच्या सकाळी मी तिथं कुंकू लावून ठेवते. दुपारी तू ये आन् बघ. चांदाई नसंल, तर पाणी खाली पडून राहील. आणि पाण्यानं ते कुंकू पुसलं, तर ती हाय. आभाळात हाय, दिसत नाय एवढंच. मंग पोर ऱ्हाईल तिच्या आईजवळ."

आता गंमत बघा. अवसेला उधाण येतं हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं. होडीवाल्यांना ठाऊक, जाळी विणणाऱ्यांना ठाऊक, धक्क्यावरच्या कुत्र्यांना ठाऊक. राजाला ठाऊक नव्हतं, कारण तो कधी खाली उतरला नाही. आणि बुवांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी कधी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही.

बुवा म्हणाले, "मान्य! चंद्र नाही तर उधाण कुठलं? मी स्वतः धक्क्याच्या दहाव्या पायरीवर पाट मांडून बसतो. माझं धोतरसुद्धा भिजायचं नाही."

"बस की," हरकू म्हणाली. "पाट मात्र लाकडी आण. तरंगंल."

मग अवस आली. सकाळपासून धक्क्यावर माणूस मावेना. राजा पहिल्यांदा गडाखाली उतरला, डोक्यावर छत्री धरून. छत्री उन्हासाठी नव्हती, आभाळ दिसू नये म्हणून होती. एका बाजूला टोपली तयार होती, पलीकडे न्यायला होडी तयार होती. राणी पोरीला घेऊन उभी होती. तिनं पदर कमरेला असा खोचला होता, की होडीवाल्यांनी तिच्याकडे बघितलं आणि ते गुपचूप मागे सरकले.

बुवा दहाव्या पायरीवर बसले. मांडीवर पंचांग. समोर पाणी पार खाली, शेवाळ उघडं पडलेलं.

मग पाणी हललं. पहिली लाट आली आणि बुवांच्या पायाचे अंगठे भिजवून गेली. बुवा म्हणाले, "वाऱ्यानं आली."

मग दुसरी आली. मांडी भिजली. बुवांनी पंचांग डोक्यावर धरलं आणि म्हणाले, "होडी गेली असेल जवळून."

मग तिसरी आली, आणि ती परत गेलीच नाही. पाणी चढतच राहिलं. कमरेला आलं. पाट खालून निसटला आणि खरोखरच तरंगायला लागला. पाणी छातीला आलं तेव्हा बुवा ओरडले, "महाराज! वर काढा!"

हरकू वरून म्हणाली, "घाबरतोस कशाला, बुवा? हे पाणी काय चांदाईचं नाय. चांदाई तर आज नायच!"

सगळा धक्का हसला. वेणूकाकूनं मात्र पुढे होऊन हात दिला. काही झालं तरी नवरा तो. धुरपानं कमरेची दोरी सोडली आणि बुवांच्या काखेत अडकवली. दोघींनी मिळून त्यांना वर ओढलं. धुरपा म्हणाली, "बघा, गाईला नाही तरी जोशाला कामाला आली."

पाणी चौथ्या पायरीला आलं, मग तिसरीला लागलं. कुंकू ओलं झालं, पसरलं, लाल रेघ झाली, आणि मग काहीच उरलं नाही. उन्हात सगळा दर्या वर उचलल्यासारखा भरला होता, आणि आभाळात बघावं तर चंद्राची कोर नाही.

राजाच्या हातातली छत्री खाली आली. त्यानं मान वर केली आणि बराच वेळ बघत राहिला. एकदा हात छत्रीकडे गेला. पण तो बघत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "आहे म्हणायची."

"महिनाभर तेच सांगतोय आम्ही," राणी म्हणाली. "टोपली उचला ती इथून. मासळी भरायला द्या."

ओले बुवा थरथरत पुढे आले. म्हणाले, "राणीसाहेब, चूक झाली. अक्षर निघतं. आत्ता काढून देतो. शुभ नाव ठेवू."

"तुमचं अक्षर तुमच्याजवळ ठेवा," राणी म्हणाली. "माझ्या लेकीला तुम्ही महिनाभर अवसेची म्हणून हिणवलंत ना? तेच तिचं नाव. अवसाबाई. उद्यापासून दरबारात हे नाव मोठ्यानं घ्यायचं, आणि घेताना मान खाली घालायची नाही."

तिथंच धक्क्यावर बारसं झालं. पाळणा नव्हता, म्हणून हरकूनं आपली पाटी धुऊन दिली. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बायकांनी पोरीला पाटीवरून इकडून तिकडे दिलं. शेवटी तिला राजापुढे धरलं. या वेळी राजानं कुणाला विचारलं नाही. त्यानं हात पुढे केले आणि घेतली. पोरीनं त्याची मिशी धरून ओढली, आणि त्याला सणसणीत शिंक आली. मुहूर्ताशिवाय.

मग अवसाबाई मोठी झाली. राज्य तिनंच केलं, चांगलं केलं. त्या नगरीत अवसेला मुलगी झाली की पेढे वाटायची रीत पडली. बुवांना कुणी काढलं नाही. ते पंचांग सांगत राहिले, फक्त अवसेचं पान आलं की आधी बायकोला विचारायचे. आणि राजाची भीती गेली का? पुरती नाही गेली. असली भीती पुरती जात नाही. पण दर अवसेला तो खाली उतरायचा, लेकीचा हात धरून धक्क्यावर उभा राहायचा आणि वर बघायचा. आणि ते सगळे सुखानं राहिले.

त्यांच्या बंदरात पाणी निवांत झालं, आता तुम्हीही निवांत व्हा. पाय पांघरुणात घ्या. मिटा डोळे.

एवढीच गोष्ट. आजी गेल्यावर पुष्कळ वर्षांनी मी एका बंदराच्या कचेरीतून भरती-ओहोटीचं वर्षभराचं छापील कोष्टक मागून आणलं आणि पट्टी लावून प्रत्येक पौर्णिमा आणि प्रत्येक अमावस्या तपासली. दोन्हींना उधाण होतं, दोन्हींना दुपारी बाराच्या आसपास. काही महिन्यांत पौर्णिमेचं पाणी थोडं जास्त चढलं होतं, काही महिन्यांत अमावस्येचं.