हिरवी लेकरं

फार पूर्वी कॅरिबियन किनाऱ्यावरच्या एका बंदरात केळ्यांचे घड हिरवेच कापून बोटीत चढवत. पिकलेलं फळ तिथल्या कुठल्याच केळीनं कधी पाहिलं नव्हतं.

धक्क्यालगतच्या एका केळीचा घड गेला आणि तिचे डोळे समुद्राकडे लागले. शेजारचा पाणकोळी पक्षी म्हणाला, “बोटीनं गेलेले बोटीनंच परत येतात, बाई. पर्यटक नाही का येत?”

घड दिलेली केळ तोडून टाकतात, पण ही रोज कोयत्याला विनवायची, “आजचा दिवस थांब.”

एके दिवशी पांढऱ्या बोटीतून एक पाहुणी केळं खात उतरली. पिवळीधमक साल केळीच्या बुंध्याशी पडली.

“कुणाची गं तू?” केळीनं सालीला विचारलं. “माझी लेकरं हिरवी आहेत. बोटीत कुठं दिसली का?”