मागच्या खोलीत वारा येईना

एका घरात एक एवढासा बेडूक राहायचा. त्याचं नाव गुट्टू.

घराच्या मागच्या खोलीत रांजण होता. रांजणाखाली ओल होती. त्या ओलीत गुट्टू बसायचा.

उन्हाळा आला. मागची खोली तापली. ओल वाळली. गुट्टूची पाठ कोरडी पडली. चरचर चरचर.

पुढच्या खोलीत कूलर होता. घर्रर्र घर्रर्र. तिथे ओला ओला वारा होता.

गुट्टू निघाला. टुण टुण टुण.

"वाऱ्या वाऱ्या, मागे ये. ओल मिळेना."

वारा म्हणाला, "मागची खिडकी बंद. मी बाहेर कुठून जाऊ? बाहेर जायला वाट असेल, तरच मी आत येतो. खिडकी उघडली तर येईन."

"सांगितलंस, बरं केलंस." टुण टुण टुण.

"खिडकीताई, उघड. वारा येईना, ओल मिळेना."

खिडकी म्हणाली, "माझ्यापुढे गाद्यांचा ढीग. गाद्या हलल्या तर उघडेन."

"सांगितलंस, बरं केलंस." टुण टुण टुण.

"गाद्यांनो, हला. खिडकी उघडेना, वारा येईना, ओल मिळेना."

गाद्या म्हणाल्या, "आम्हाला पाय आहेत का? काकूंनी उचललं तर हलू."

"सांगितलंत, बरं केलंत." टुण टुण टुण.

रेवाकाकू तिथेच चुलीजवळ पोळ्या लाटत होत्या. कपाळावरून घाम. टप टप टप.

"काकू, उचला. गाद्या हलेनात, खिडकी उघडेना, वारा येईना, ओल मिळेना."

काकू म्हणाल्या, "गाद्या मामाजींनी रचल्यात. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. ते म्हणाले तर उचलेन."

मामाजी म्हणजे काकूंचे सासरे. दौलतआजोबा.

"सांगितलंत, बरं केलंत." टुण टुण टुण.

आजोबा कूलरसमोर बसले होते. अगदी समोर. पांढऱ्या मिशा भुरुभुरु उडत होत्या.

"आजोबा, सांगा. काकू उचलेनात, गाद्या हलेनात, खिडकी उघडेना, वारा येईना, ओल मिळेना."

आजोबा म्हणाले, "खिडकी उघडली की गारवा पळतो. आणि उकडतंय कुठे? मला तर नाही उकडत."

मोठी माणसं अशीच असतात. स्वतः गार झाली, की त्यांना वाटतं सगळं घर गार.

या वेळी गुट्टू 'बरं केलंत' म्हणाला नाही. तो म्हणाला, "तुम्ही कूलरसमोर बसलात. उठा. मागे बसून बघा."

आजोबांना असं कुणी बोलत नसे. ते उठले. बेडूक खोटारडा आहे, हे दाखवायला उठले. थप थप थप. मागच्या खोलीत गेले. चुलीजवळ पाटावर बसले.

एक पोळी झाली. आजोबांनी टोपी काढली.

दुसरी पोळी झाली. मिशा चिकटल्या.

तिसरी पोळी झाली. नाकावरून घाम. टप.

आजोबांनी काकूंकडे पाहिलं. "तू रोज इथे बसतेस?"

"रोज, मामाजी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं का नाही?"

आजोबांनी टोपीने नाक पुसलं. मग हळूच म्हणाले, "चुकलं माझं. उचल त्या गाद्या. थांब, एक टोक मी धरतो."

आजोबांनी सांगितलं, काकूंनी उचललं.
काकूंनी उचललं, गाद्या हलल्या. धप्प.
गाद्या हलल्या, खिडकी उघडली. करकरकर.
खिडकी उघडली, वारा आला. सुळ्ळ सुळ्ळ.
वारा आला, ओल आली.

गुट्टू रांजणाखाली बसला. पाठ ओली. पोट ओलं. मग त्याला आठवलं. तो परत बाहेर आला. टुण टुण टुण. वाऱ्याला म्हणाला, आभार. खिडकीला म्हणाला, आभार. गाद्यांना म्हणाला, काकूंना म्हणाला. आजोबांनाही म्हणाला. शेवटी उठले ना ते.

आजोबा लाजले. पाट तिथेच ठेवला आणि पोळ्या शेकायला बसले. पहिली करपली.

काकू खिडकीत उभ्या राहिल्या. पदर भुरुभुरु उडाला. खाली वाकून त्या गुट्टूला म्हणाल्या, "तुझे लई उपकार झाले रे बाप्पा."

मुलांनो, आता उशी उलटी करा. गार बाजू वर. डोळे मिटा.