भेंडी पाव किलो

एकदा एक वृद्ध आचार्य होते. उभा जन्म त्यांनी प्रयोगशाळेत यीस्ट वाढवण्यात घालवला. पाव मात्र एकही भाजला नाही. त्यांची शिष्या हेमांगी. यीस्टवर क्ष-किरण सोडून विभागणाऱ्या पेशींचे काय होते ते पाहायचे, हा तिचा प्रबंध.

एके सकाळी ती रडकुंडीला येऊन दारात उभी राहिली. "सर, वाटोळं झालं! बशीतल्या यीस्टच्या पांढऱ्याशुभ्र ठिपक्यांत लाल फाका निघाल्यात. बाहेरची घाण शिरली. वर्षाची मेहनत पाण्यात! सगळ्या बश्या फेकते आणि गावी निघून जाते."

"जा की," आचार्य म्हणाले. "आधी तुझी पक्की वही दे."

तिने दिली. त्यांनी मधलेच एक पान टरकन फाडले आणि बिस्किटासारखे चहात बुडवले.

"अहो सर! हे परीक्षकांना दाखवायचंय!"

"मग कर दुरुस्त."

चरफडत तिने कच्ची वही उघडली, गेलेला मजकूर भराभर उतरवला आणि नवे पान चिकटवले. "घ्या!"

आचार्य मोठ्याने वाचू लागले, "यीस्टचं खाद्य. साखर वीस ग्रॅम. मीठ चिमूटभर. भेंडी पाव किलो."

हेमांगीने जीभ चावली. "ती बाजाराची यादी हो! पाडव्यापासून कच्च्या वहीत पडलीय. पक्क्या वहीत सगळं बरोबर होतं."

"म्हणूनच कुणाला कळलं नाही. एक वही शहाणी असली की दुसरीचा वेडेपणा झाकून जातो. अगं, पेशीकडेही प्रत्येक पोथीच्या दोन प्रती असतात. तुझ्या यीस्टच्या एका प्रतीत लाल रंगाची चूक आधीपासूनच आहे. किरण काही रंगवत नाही, तो नुसतं पान फाडतो. पेशी बिचारी दुसरी प्रत समोर ठेवून फाटलेलं उतरवते, आणि कधी चूकही इमानेइतबारे उतरवते. विभागणीआधी पेशी सगळ्या प्रती दुप्पट करते, चूक उतरते त्यातल्या एकीतच. मग विभागणीत एका लेकीच्या दोन्ही प्रतींत भेंडी! ती लाल, तिची सारी प्रजा लाल. बहीण मात्र पांढरीच. बाहेरची घाण असती, तर एकाच पेशीपासून वाढलेला ठिपका असा निम्मा-निम्मा वाटला गेला असता का?"

हेमांगीने बशी उजेडात धरली. ठिपका निम्मा लाल, निम्मा पांढरा. "म्हणजे सर... हाच माझा प्रबंध?"

"मग काय माझा?"

तिने डोळे पुसले, बश्या जपून परत ठेवल्या आणि भेंडी खोडायला पेन उचलले. आचार्यांनी हात धरला. "राहू दे. परीक्षकांना याहून सोपं उदाहरण मिळायचं नाही."

फाटणे कुणाला चुकले आहे? सांधताना आपण कोणाची वही उघडतो, एवढे मात्र पाहावे.