भिवराचा बिल्ला

फार वर्षं झाली याला. तेव्हा राज्य कोणत्या राजाचं होतं ते आता कुणालाच आठवत नाही. पण दोन डोंगरांच्या मधल्या एका गावाच्या बाजाराची ही गोष्ट लहानांनी ऐकावी आणि थोरांनीही ऐकावी अशी आहे.

त्या गावात भिवरा नावाची कोष्टीण राहायची. लुगडी विणून पोट भरायची, पण तिचं नाव होतं ते तिच्या जिभेमुळे. बाजाराच्या दिवशी बोहनीचा, म्हणजे पहिल्या खरेदीचा मान गावानं तिला दिला होता. सगळं गाव रिकामी भांडी घेऊन मागे उभं राहायचं आणि भिवरा एकटी पुढे जाऊन घासाघीस करायची. गवळ्याशी तुपासाठी, गूळवाल्याशी गुळासाठी. तिनं पाडून घेतलेला भाव त्या दिवशी अख्ख्या गावाचा. पाटलालाही तोच आणि आंधळ्या म्हातारीलाही तोच. विकणारे कुरकुरायचे, पण दुपारच्या आत त्यांचा सगळा माल खपायचा, म्हणून पुढच्या बाजाराला पुन्हा यायचे.

मग गावात एक व्यापारी आला. त्यानं वेशीजवळ दगडी दुकान बांधलं आणि तूप, गूळ, तेल, मीठ सगळं एकाच छपराखाली मांडलं. माणूस मोठा गोड. आवाज म्हणून कधी चढवायचा नाही. काही दिवस त्यानं दारात बसून गावाचा बाजार नुसता पाहिला, आणि आपलं घोडं कुठे अडतंय ते त्याला कळलं. ते भिवरापाशी अडत होतं.

एके दिवशी त्यानं तिला आत बोलावलं, बसायला पाट दिला.

"भिवराबाई, सगळ्यांसाठी घसा तुम्ही कोरडा करता. आणि पदरात काय पडतं? जो भाव त्या आयतोबांना, तोच तुम्हाला! मला नाही बुवा हे पटत."

त्यानं तिच्या हातावर एक पितळी बिल्ला ठेवला. "हा दाखवलात की तुमच्यापुरतं स्वस्त. फक्त सगळं माझ्याकडेच घ्यायचं, आणि कुणाला सांगायचं नाही."

भिवरा लोभी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. तिची एकुलती एक लेक पहिलटकरीण होती आणि थंडीत बाळंतपणाला माहेरी यायची होती. सासरी पोरीच्या ताटात काय पडतं, ते भिवराला ठाऊक होतं. बाळंतपणात तरी तिला तूपभात घालायचा, डिंकाचे लाडू करायचे, एवढाच ध्यास त्या बाईनं घेतला होता. तिनं बिल्ला कनवटीला खोचला.

पुढच्या बाजाराला गाव तिची वाट बघत उभं राहिलं. तिनं निरोप धाडला की गुडघा दुखतोय. कसला गुडघा नि कसलं काय! मागाच्या खड्ड्यात बसून बाईसाहेब दिवसभर पाय चालवत होत्या.

गाव खोळंबलं, मग ज्यानं त्यानं आपापला भाव केला. बोलघेवड्यांना स्वस्त पडलं, भिडस्तांना महाग पडलं, आणि संध्याकाळपर्यंत चार भांडणं झाली. व्यापाऱ्यानं मग एकेकाला आत बोलावलं. एकेकाला पाट दिला, एकेकाला बिल्ला दिला. काही दिवसांत बिल्ला नाही असं घर उरलं नाही, आणि प्रत्येक घराला वाटत होतं की तो आपल्याच घरात आहे. बाया शेजारणीकडे बघून मनातल्या मनात हसायच्या.

बाजारात माश्या मारत बसलेला गवळी एक दिवस म्हशी घेऊन भिवराच्या दारावरून निघाला.

"चाललो गं ताई," तो म्हणाला. "तू भाव पाडायचीस, शिव्याही घालायचीस. पण तुझ्यामागं गाव उभं असायचं. आता तूप घेऊन कुणाची वाट बघू?"

भिवराला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण तिला लेक आठवली आणि ती आत मागाकडे वळली. गवळ्यामागोमाग गूळवाला गेला, तेलीही गेला.

बाजार उठल्यावर दुकानातले भाव चढू लागले. एव्हाना बिल्ल्यांचं गुपित फुटलं होतं, पण व्यापारी त्यालाही पुरून उरला. आज याच्या बिल्ल्यावर जास्त सूट, उद्या त्याच्या. लोक रोज हरखून घरी जायचे. आज किती सुटलं ते एकमेकांना सांगायचे. किती गेलं ते कुणी विचारायचं नाही. दुकानावर दुसरा मजला चढला, मग तिसरा.

थंडीत लेक आली आणि तिला मुलगी झाली. लेक अशक्त, अंगावर दूध नाही. सुईण म्हणाली, "हिच्या पोटात तूप जाऊ दे, भिवरा. नाहीतर दोघींचं काही खरं नाही."

भिवरा दुकानात गेली. तुपाचा भाव ऐकून तिचे डोळे पांढरे झाले. तिनं बिल्ला पुढे केला.

"तो धरूनच सांगितलं, बाई," व्यापारी हळू आवाजात म्हणाला.

मग किती दिवसांनी तिनं पुन्हा घासाघीस केली! चढ्या आवाजात केली, हात जोडून केली. व्यापारी नुसता हसत राहिला. शेवटी ती म्हणाली, "राहू द्या. दुसरीकडे घेईन."

"घ्या की," तो म्हणाला.

तिनं पाठ फिरवली. अशी पाठ फिरवली की मागून हाक येते, हे तिला वर्षानुवर्षं माहीत होतं. ती सावकाश दारापर्यंत गेली. बाहेर बाजाराच्या मोकळ्या जागेत शेळ्या चरत होत्या. ती थांबली. हाक आली नाही.

दारात रांगेत बाया उभ्या होत्या. भिवरा त्यांच्याकडे वळली. "बायांनो, आज कुणीच घेऊ नका गं. सगळ्या मिळून माझ्यामागं उभ्या राहा. एकदाच. माझी नात जाईल गं."

बायांनी माना खाली घातल्या. दगडाच्या नव्हत्या त्या. एकीच्या डोळ्यांत पाणीही आलं. तीच म्हणाली, "थांबलो असतो गं भिवराबाई. पण नेमकी आजच माझ्या बिल्ल्यावर जास्त सूट आहे. पुढच्या वेळी नक्की थांबू."

भिवरा कुणी न बोलावता परत आत गेली. त्या भावात वाटीच्या तळाला लागेल एवढंच तूप आलं. निघताना व्यापाऱ्यानं तिच्या हातावर आणखी एक छोटा बिल्ला ठेवला. "घरात नवं माणूस आलंय ना," तो म्हणाला. तिनं तोही घेतला. दुसरं काय करणार होती?

तूप दोन घासांत संपलं. लेकीला दूध आलं नाही. बारशासाठी बांधलेला पाळणा बारशाआधीच सोडावा लागला, आणि अंगात उठण्याचं बळ आल्यावर लेक रिकाम्या ओटीनं सासरी गेली. जाताना ती आईला काही बोलली नाही. बोलली असती तर भिवराला बरं वाटलं असतं. दुकानासमोर मात्र दुसऱ्या दिवशीही रांग होतीच.

यातून घ्यायचं ते एवढंच: आपल्या एकट्याला मिळालेली सवलत ही सगळ्यांच्या हातून काढून घेतलेली ताकद असते.